फूल कुठल्या बाजूला पडलं

टीव्हीवर प्रश्नांचा कार्यक्रम लागला की हे पुढे खुर्चीवर बसायचे आणि मी मागे, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. मांडीवर काहीतरी काम असायचंच. वाल सोलायचे, नाहीतर तांबडी भाजी निवडायची. त्यामुळे कित्येक वर्षं मी तो कार्यक्रम यांच्या डोक्याच्या बाजूने बघितला. टीव्हीचा एक कोपरा नेहमी झाकलेला असे. मला त्याचं काही वाटत नसे. प्रश्न ऐकू यायचे, आणि उत्तर यांना येतं की नाही हे मला यांच्या कानावरून कळायचं.

येत असलं तर चार पर्याय वाचून व्हायच्या आधीच हे मोठ्याने बोलत. येत नसलं तर कानाची पाळी दोन बोटांत धरून चोळत बसत. चोळता चोळता एखादं उत्तर सांगत आणि ते बहुतेक चुकायचं. मग बरोबर उत्तर दिसलं की म्हणायचे, "म्हाका तेंच दिसलेलें, पूण..." कान चोळला की उत्तर येत नाही, हे मला माहीत होतं, यांना माहीत नव्हतं. नवऱ्याच्या मागे बसणाऱ्या बाईला अशा पुष्कळ गोष्टी ठाऊक असतात आणि त्या कोणी विचारत नाही.

मी चौथी शिकलेली. माझं माहेर पेडण्याकडचं. गोवा मुक्त झाल्यावर आमच्या वाड्यावर मराठी शाळा निघाली ती चौथीपर्यंतच. पुढची पेडण्याला. भाऊ गेले, मी काजूच्या बागेत गेले. मुळगावात लग्न होऊन आले तेव्हा 'माका', 'तुका' असं बोलायची. इथे 'म्हाका' म्हणतात. फरक केवढासा, पण पहिल्याच आठवड्यात थोरल्या जावेने माझ्या बोलण्याची नक्कल केली आणि सगळी माणसं हसली. वाईट हेतू नव्हता. पण मी तेव्हापासून चार शब्दांच्या जागी एक बोलू लागले आणि मग तीच सवय झाली. यांच्याशीही माझं बोलणं जेवलात का, येता कधी, एवढंच. भांडण कधी नाही. हे चांगले होते. संध्याकाळी आले की पेपर वाचायचे, टीव्ही बघायचे, आणि मी मागे असायची.

हे खाणीच्या वजनकाट्यावर होते. मातीने भरलेले ट्रक काट्यावर यायचे, हे वजन लिहून घ्यायचे आणि चिठ्ठी द्यायचे. तीस वर्षं तेच काम. ड्रायव्हर लोक यांना 'पात्रांव' म्हणत, म्हणजे मालक. मालक नव्हते, पण यांच्या चिठ्ठीशिवाय ट्रक हलत नसे. गावातही कोणाला अर्ज लिहायचा असला, सरकारी कागद वाचायचा असला की लोक यांच्याकडे यायचे.

मग खाण बंद पडली. ट्रक लोकांच्या अंगणात उभे राहिले आणि चाकांतून गवत वर आलं. सुरुवातीचे काही महिने हे सकाळी सातला दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडायचे. फाटकापर्यंत जायचे आणि परत यायचे. मी चहा पुढे ठेवायची. कुठे गेला होता असं मी कधी विचारलं नाही. एकदा दुकानावर एका ड्रायव्हरने थट्टा केली, "पात्रांव, आतां कितें, टीव्हीचें वजन करतात?" हेही हसले. पण त्या दिवसापासून दुकानावर जाणं कमी झालं. अर्ज लिहून घ्यायला येणारेही कमी झाले. माणसाचं काम गेलं की त्याची अक्कलही गेली असं लोकांना वाटतं की काय, कोण जाणे.

त्याच काळात यांनी त्या कार्यक्रमासाठी फोनवरून उत्तरं पाठवायला सुरुवात केली. रोज टीव्हीवर एक प्रश्न दाखवायचे, त्याचं बरोबर उत्तर पाठवणाऱ्यांतून माणसं निवडायचे. यांनी वह्या केल्या. एका वहीत देशांच्या राजधान्या, एका वहीत राजे आणि लढाया, एका वहीत कुठल्या शोधाला कोण. दिवसभर ते वाचायचे. मुलगी सावंतवाडीहून फोन करायची तेव्हा म्हणायची, "बाबांनी आता कशाला हे, त्यापेक्षा एखादं दुकान तरी घालायचं." मी हूं म्हणायची.

फोन आला तेव्हा हे न्हाणीत होते. मी फोन घेतला. एक मुलगी भराभर मराठीत बोलू लागली, यांचं नाव विचारलं. मी म्हटलं, "ते न्हातात," आणि फोन ठेवून दिला. न्हाणीतून यांनी विचारलं कोणाचा गे. मी सांगितलं, मुंबईची कोणतरी होती. हे तसेच ओले बाहेर आले. मला काही बोलले नाहीत, पण जेवेपर्यंत फोन मांडीवर घेऊन बसले. दुपारी फोन परत आला. त्यानंतर फोनवर आणखी प्रश्न झाले, म्हापशाला जाऊन काही कागद पाठवावे लागले, आणि एक दिवस बोलावणं आलं. सोबत घरातलं एक माणूस आणायचं होतं. मुलीचं बाळ लहान होतं. राहिले मी.

जाण्याआधी हे देवळात कौल घ्यायला गेले. मीही गेले. आमच्याकडे कुठलंही मोठं काम निघालं की ग्रामदेवीला विचारतात. भटजी देवीच्या मूर्तीला दोन्ही बाजूंनी फुलांच्या पाकळ्या पाण्याने चिकटवतात, गाऱ्हाणं घालतात, आणि सगळे वाट बघत उभे राहतात. देवीच्या उजव्या बाजूची पाकळी आधी पडली तर होकार. त्याला उजवा दिला म्हणतात. डाव्या बाजूची पडली तर नको. आम्ही बायका समोर चौकात उभ्या राहतो. लहानपणापासून मी तिथून बघत आलेली. माझ्या डोळ्यांना एवढंच ठाऊक, की पाकळी माझ्या डाव्या हाताच्या बाजूला पडली की होय आणि माझ्या उजव्या हाताच्या बाजूला पडली की नाही. देवीची बाजू कुठली आणि आपली कुठली असा वेगळा विचार मी कधी केला नव्हता. करायची वेळच आली नव्हती.

त्या दिवशी थोड्याच वेळात होकाराची पाकळी पडली. यांनी हात जोडले. भटजी तीर्थ द्यायला आले तरी देवीकडेच बघत उभे राहिले.

निघताना जावेने माझ्यासाठी अबोलीची फाती केली. फाती म्हणजे आमच्याकडची घट्ट ओवलेली वेणी, दोन दिवस कोमेजत नाही. केळीच्या पानात गुंडाळून हातात देताना म्हणाली, "थंय तूं कितें उलयतली गे? मुखार देवीसारकी बस. देवी खंय उलयता?" देवी कुठे बोलते, तशी मीही बोलणार नाही, या आपल्याच थट्टेवर पोट धरून हसली.

मुंबईत त्या जागेचं मला आठवतं ते म्हणजे थंडी. बाहेर घाम आणि आत हिवाळा. एका बाईने माझ्या तोंडाला पावडर लावली, एकाने पदरात माईक खोचला. कानाला यंत्र लावलेल्या मुलीने मला यांच्या खुर्चीसमोर, पण बरंच लांब, उंचवट्यावरच्या खुर्चीत बसवलं. म्हणाली, "काकी, टाळ्या म्हटलं की टाळ्या वाजवायच्या. आणि एक लक्षात ठेवा, काकांना खुणा करायच्या नाहीत. मान हलवायची नाही, बोटं दाखवायची नाहीत. तसं दिसलं तर खेळ बाद." मी मान हलवली. ती म्हणाली, "हे आता चालेल. मग नको." बाजूची माणसं हसली.

हे खेळू लागले. मी तीस वर्षांत यांना पहिल्यांदा समोरून बघत होते. पहिले सगळे प्रश्न पर्याय संपायच्या आधी सुटले. कार्यक्रम चालवणारे गृहस्थ म्हणाले, "अहो, मला वाचू तरी द्या." लोक हसले, हेही हसले. यांचा चेहरा काट्यावर बसायचे तेव्हाचा झाला होता. मध्येच त्या गृहस्थांनी मला विचारलं, "वहिनी, घरीसुद्धा यांना सगळं येतं का?" माईक जवळ असून मला बोलता आलं नाही. मी पदर तोंडाला लावला. ते म्हणाले, "कळलं, कळलं. घरचं गुपित आहे." परत टाळ्या.

दुपार होईपर्यंत हे शेवटच्या प्रश्नापर्यंत आले. मदतीचे जे काय मार्ग असतात ते वापरून झाले होते. नियम असा की तिथे थांबलं तर मिळालेली मोठी रक्कम घेऊन घरी. उत्तर दिलं आणि चुकलं तर त्यातलं बहुतेक जाणार. बरोबर आलं तर सगळ्यांत मोठं बक्षीस.

प्रश्न होता, यांपैकी कोणती नदी समुद्राला मिळत नाही. तापी, मही, लुणी, साबरमती.

हे बोलले नाहीत. पर्याय वाचून संपले तरी बोलले नाहीत. मग यांचा हात वर गेला आणि कानाची पाळी बोटांत आली.

मला उत्तर ठाऊक नव्हतं. तापी सोडली तर त्या नद्यांची नावंसुद्धा मी ऐकली नव्हती. पण यांना येत नाही हे त्या सगळ्या मोठ्या खोलीत मला एकटीला कळलं. हे म्हणत होते, "तापी मिळते. साबरमती पण मिळते, मला वाटतं. मही... मही असेल." ते गृहस्थ म्हणाले, "तुम्ही थांबू शकता. घाई नाही. हवं तर एकदा वहिनींकडे बघा. त्या सांगू शकणार नाहीत, पण बघायला बंदी नाही."

हे माझ्याकडे बघू लागले. देवळात उभे होते तसेच.

मला ओरडावंसं वाटलं, नको, थांबा. घरी चला. ओरडणं माझ्याच्याने होणारं नव्हतं आणि मान हलवायची बंदी होती. मग कसं सुचलं ते सांगता येणार नाही. मी पदर सारखा करायच्या निमित्ताने हात अंबाड्याकडे नेला आणि फातीतलं एक फूल उजव्या बाजूने ओढून सोडलं. नको म्हणायला उजवीकडचं. हात खाली घेतला. फूल खांद्यावर थांबलं, मग पदरावरून घसरून खाली पडलं. अबोलीच्या फुलाला वजन ते केवढं. पण यांनी बघितलं. यांची नजर फुलाबरोबर खाली गेली.

आणि हे हसले. खुर्ची वळवून म्हणाले, "मी उत्तर देणार. मही."

चुकलं. लुणी बरोबर होतं. ती वाळवंटातून येऊन कच्छच्या रणात जिरून जाते असं त्या गृहस्थांनी समजावून सांगितलं. यांनी उभं राहून सगळ्यांना हात जोडले. टाळ्या म्हटलं, मी वाजवल्या.

येताना रेल्वेत यांनी मला खिडकीजवळ बसवलं. पाण्याची बाटली आणून दिली. रत्नागिरी गेली, कणकवली गेली, आम्ही बोललो नाही. हे बाहेर बघत होते आणि मीही बाहेर बघत होते. यांना वाटलं असेल मला बक्षिसाचं वाईट वाटतं. घराची कौलं बदलायची होती, ते खरं. पण माझ्या मनात ते नव्हतंच. मी आयुष्यात पहिल्यांदा यांना नको म्हटलं होतं. सगळं बळ एकवटून म्हटलं होतं. यांनी ते बघितलं, कळलं म्हणून हसले, आणि तरी जे करायचं तेच केलं. मग इतकी वर्षं मी बोलले नाही ते बरंच झालं, असं मला वाटत राहिलं.

कार्यक्रम टीव्हीवर यायला बरेच दिवस होते. तोपर्यंत निकाल कोणाला सांगायचा नाही असं लिहून घेतलं होतं. गावात ज्याला त्याला उत्सुकता. माझा भाऊ पेडण्याहून मोटारसायकल घेऊन विचारायला आला. हे सगळ्यांना एकच सांगायचे, "टीव्हीर पळयात," टीव्हीवरच बघा. मला बायका विहिरीवर विचारायच्या. मी हसायची. तोंड न उघडण्याची माझी ख्याती पहिल्यांदाच कामाला आली. जाव म्हणाली, "हिका सांगपाक नाका म्हणपाची गरजच ना."

त्या दिवसांत रोज तो कार्यक्रम लागायचा, हे खुर्चीवर बसायचे, पण मी उंबऱ्यावर बसले नाही. चुलीपाशी बसून राहायची. यांनी एकदा मागे वळून बघितलं हे मला आतून दिसलं. मी उठले नाही. घरात दोनच माणसं, आणि त्यातलं एक असं चुलीपाशी जाऊन बसलं की घर फार मोठं होतं.

आमचा भाग लागला त्या संध्याकाळी यांनी टीव्ही सोप्यावर आणून ठेवला. अंगणात चटया घातल्या. पाववाल्या पदेराकडून टोपलीभर उंडे आणले होते, मी भाजी केली होती आणि मोठ्या टोपात चहा. थट्टा करणारा तो ड्रायव्हरही आला, मागे उभा राहिला. यांची बरोबर उत्तरं आली की लोक टाळ्या वाजवत. "पात्रांव, तुमी तर मास्तर जावपाचे," कोणीतरी म्हणालं. मला वहिनी म्हणून विचारलेलं आणि मी पदर लावलेला, ते त्यांनी कापून टाकलं होतं. बरं वाटलं.

मग शेवटचा प्रश्न आला. मी दारात चहाचं ताट घेऊन उभी होते. हे पडद्यावर कान चोळत होते. ते गृहस्थ म्हणाले वहिनींकडे बघा, आणि पडदाभर माझा चेहरा आला. माझा हात तोवर खाली गेला होता, तो दिसला नाही. नुसता चेहरा, अंबाड्याची कड, आणि खांद्यावरून सुटणारं अबोलीचं फूल.

फूल पडलं ते आमच्या डाव्या हाताच्या बाजूला.

जाव ओरडली, "अगे, हिणें उजवो दिलो. पळयलें? देवीसारको उजवो दिलो."

बायका हसल्या. कोणी "खरेंच गे" म्हणालं. मी ताट खाली ठेवलं. देवळातल्या चौकातून बघावं तशी मी मलाच समोरून बघत होते, आणि समोरून बघताना ते होय होतं. चौकात उभं राहून शिकलेली बाजू मी मूर्तीच्या जागी बसून वापरली होती. मी नको म्हटलंच नव्हतं. मी होय म्हटलं होतं. हे माझं ऐकूनच पुढे गेले होते.

पुढे मही आणि लुणी झालं. मग ड्रायव्हर म्हणाला, "आमच्या गोंयच्यो सगळ्यो न्हंयो दर्यांत वतात. दर्यांत वचना अशी न्हंय आमकां खंयची खबर?" गोव्यातली नदी समुद्राला न मिळता राहते कुठे! सगळे मोकळेपणाने हसले, उंडे संपवले, यांच्या पाठीवर हात ठेवून एकेक करून गेले.

मी अंगणात कप धूत बसले. हे पायरीवर येऊन बसले. मला ते सांगायचंच होतं. मनात वाक्य जुळवून ठेवलं होतं. फूल मी पाडलं, पण बाजू चुकली, मला थांबा म्हणायचं होतं. एवढंच. मी सुरुवात केली.

"आयकलां? तां फूल आपसूक पडूंक नाय. मी पाडलंय."

"म्हाका खबर आसा," हे म्हणाले. "तुजो हात पळयलो हांवें."

मी पुढचा कप विसळायला घेतला.

"देवीन उजवो दिल्लो तो थंय वचपाक," हे म्हणाले. "उत्तर दिवपाक तुवें दिलो. खाण बंद जाली तेन्नासावन एकानूय म्हाका म्हणूंक ना, तुका जमतलें म्हण. धुवेनूय ना. तुवें म्हणलें. चुकलें तें म्हजें चुकलें."

खाण बंद पडल्यापासून तुला जमेल असं मुलीनेसुद्धा म्हटलं नव्हतं, ते म्हणे मी म्हटलं. मग म्हणाले, "रेल्वेंत तुजें तोंड पळोवन म्हाका लज दिसली. तुवें इतलो विश्वास दवरलो, आनी हांवें..."

माझं वाक्य जुळलेलं होतं. अर्धं बोलूनही झालं होतं. उरलेलं अर्धं बोलायला मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "चाय उरलीसा. हाडू?"

हे म्हणाले, "हाड," आणि मी चहा आणायला उठले.

त्यानंतर यांच्यात फरक पडला. दुकानावर परत जाऊ लागले. पंचायतीच्या वाचनालयात संध्याकाळी बसायला माणूस नव्हता, ते काम यांनी अंगावर घेतलं. लोक परत कागद घेऊन येऊ लागले. कोणी त्या शेवटच्या प्रश्नाचं काढलं की हे म्हणायचे, "बायलेन उजवो दिल्लो. चूक म्हजी." आणि माझ्याकडे बघायचे. लोकही बघायचे. मी आत जायची. लोकांना वाटायचं लाजली.

आणखी एक झालं. यांनी दुसरी खुर्ची आणून आपल्या खुर्चीशेजारी ठेवली आणि मला तिथे बसायला लावलं. प्रश्न आला की वळून विचारायचे, "तुका कितें दिसता?" तुला काय वाटतं, असं मला त्या सगळ्या वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. मी काहीतरी सांगायची. कधी बरोबरही यायचं. मग हे खुशीने मांडीवर थाप मारायचे. ते दिवस चांगले होते असं कोणीही म्हणेल. पण मला रोज वाटायचं की हे माझ्याशी बोलत नाहीत. यांच्यावर इतका विश्वास ठेवणारी, यांना पुढे जा म्हणणारी एक बाई यांना त्या दिवशी भेटली, तिच्याशी बोलतात. तिच्या खुर्चीत मी बसते. ती खरी नाही हे सांगावं तर यांचं सगळं परत जाणार. न सांगावं तर माझं मला कोणी नाही. उंबऱ्यावर बसायची तेव्हा मी गप्प होते, पण चोरी नव्हती. शेजारी बसून मी जास्त एकटी झाले, हे कोणाला सांगून पटणार नाही.

सांगायचे प्रयत्न मी केले. दोनदा. एकदा चतुर्थीच्या आदल्या दिवशी, गणपतीच्या डोक्यावरची माटोळी बांधताना. हे वर चढून फळं बांधत होते, मी खालून देत होते. म्हटलं, "त्या फुलाचां एक सांगायचां होता." हे वरून म्हणाले, "सांग." मी म्हटलं, "नारळ आधी घ्या." दुसऱ्या वेळी मुलगी आली होती, तिच्यासमोर यांनी ती गोष्ट परत सांगितली. मुलगी मला म्हणाली, "आई, तू कमाल केलीस हां. मी तर थांबाच म्हटलं असतं." तिला सांगावं असं वाटलं. पण हे इतके आनंदात होते की मी भात वाढायला उठले.

आता हे नाहीत. जाव त्यांच्या आधीच गेली. मुलगी रोज फोन करते, औषध घेतलं का विचारते. कार्यक्रम अजून लागतो. प्रश्न विचारणारे बदलले. मी लावते, पण आवाज लहान ठेवते. हे लिहायला मला एक महिना लागला आहे. चौथीनंतर एवढं कधी लिहिलं नव्हतं. लिहून झालं की काय करायचं ते ठरवलेलं नाही. मुलीच्या हाती लागू नये एवढंच वाटतं. तिला तिचे बाबा जसे सांगत तसंच राहू दे.

शेवटच्या वर्षी यांना उठता येत नव्हतं. खाट सोप्यालगतच्या खोलीत घातली होती. एका दुपारी मी पेज घेऊन गेले. हे जागे होते, माझीच वाट बघत असल्यासारखे. म्हणाले, "बस मगे." मी खाटेच्या कडेला बसले.

"एक विचारूं? खरें सांग."

"विचारा."

"त्या दिसा तुका खरेंच दिसलेलें, म्हाका येता म्हण?"

यांना उत्तर येतं असं तेव्हा मला वाटलं होतं का? मी वाटीकडे बघितलं. यांनी घाई केली नाही. बाहेर कोणीतरी काजूची लाकडं फोडत होतं. आता सांगितलं असतं तर चाललं असतं. यांनी खरं सांग म्हणूनच म्हटलं होतं. कदाचित यांना कधीपासून ठाऊक असेल आणि माझ्या तोंडून ऐकायचं असेल. कदाचित नसेलही.

"होय," मी म्हटलं.

हे माझ्याकडे बघत राहिले. मग खोकल्यासारखं हसले.

"मागीर तुजेंय चुकलें," म्हणाले.

मीही हसले. यांनी माझ्या हातावर हात ठेवला. बोटांत जोर नव्हता. थोड्या वेळाने म्हणाले, "पेज दी."

पेज निवली होती. मी ती परत चुलीवर नेली, आणि तिला उकळी आल्यावरही थोडा वेळ तिथेच उभी राहिले.